जिजा हे नाव

आपल्या वऱ्हाडात जिजामातेच्या नावाला तोटा नाही. शाळेला जिजामाता विद्यालय, चौकाला जिजाऊ चौक, बायकांच्या बचत गटाला जिजाऊ बचत गट. दूर मुंबईत भायखळ्याच्या ज्या बागेला एकेकाळी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे नाव होते ती आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखली जाते. माटुंग्याच्या ज्या तंत्रशिक्षण संस्थेचे नाव त्याच राणीच्या राज्याच्या पन्नाशीवरून ठेवलेले होते, तिलाही १९९७ साली वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले. सातासमुद्रापलीकडच्या राणीच्या जागी आमची सिंदखेडची लेक जाऊन बसली याचा कोणाही वऱ्हाडी माणसाला अभिमान वाटेल. मात्र सर वर्गात हजेरी घेऊ लागले की त्यात पूजा येते, वैष्णवी येते, दोन प्रतीक्षा आणि तीन साक्षी येतात. जिजा काही येत नाही. आमच्या आसेगावातही मी आठवून पाहिले. जिजाबाई नावाच्या दोन म्हाताऱ्या आठवल्या, लहान मुलगी एकही नाही. जे नाव आपण इमारतीला एवढ्या हौसेने देतो ते पोटच्या मुलीला देताना आपण मागे का सरतो?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझ्या थोरल्या भावाला दुसरी मुलगी झाली. बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. मी जिजा हे नाव काढले आणि घरात दोन तट पडले. वहिनीला ते फार जुने वाटले; उद्या शाळेत मुली चिडवतील अशी तिला धास्ती. आजीची हरकत निराळी होती आणि मला ती अधिक खोल वाटली. ज्या बाईने बापाचा खून ऐकला, भाऊ गमावले, तरणाताठा मुलगा गमावला, जिचे अर्धे आयुष्य नवऱ्यापासून दूर गेले, तिचे नाव ठेवून लेकराच्या वाट्याला तिचे भोग कशाला द्यायचे, असे आजीचे म्हणणे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे मी काही सांगितले की ते पुस्तकात असेलच असे सर्वजण धरून चालतात. म्हणून उत्तर देण्याआधी जिजाबाईंचे चरित्र नीट वाचणे मला भाग पडले. शिवरायांची आई एवढ्यावर आपण जे चरित्र संपवतो ते किती मोठे आहे हे तेव्हा कळले.

आसेगावहून मालेगाव, मेहकर करीत जालन्याच्या वाटेला लागले की सिंदखेडराजा येते. लखुजीराव जाधवांच्या वाड्याचा उंच दरवाजा, मोती तलाव आणि लखुजीरावांची भव्य समाधी अजून उभी आहे. याच वाड्यात जिजाचा जन्म झाला. तिथी म्हणून १२ जानेवारी १५९८ हा दिवस मानतात आणि दरवर्षी त्या दिवशी तेथे माणसांचा समुद्र लोटतो. आईचे नाव म्हाळसाबाई. जाधव हे देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवणारे घराणे. लखुजीराव निजामशाहीतले बडे सरदार.

काळ मोठा अस्थिर होता. अकबराच्या फौजेने अहमदनगरला वेढा घातला तेव्हा चांदबिबीने किल्ला लढवला, पण १५९६ च्या तहात तिला वऱ्हाड मोगलांना तोडून द्यावे लागले. पुढे १६०० साली तिचा खून झाला. म्हणजे निजामशाही राखणारी एक बाई जगातून गेली तेव्हा सिंदखेडच्या वाड्यात दुसरी दोन वर्षांची होती. इतिहासाच्या पुस्तकात या दोघी वेगवेगळ्या धड्यांत येतात म्हणून हे आपल्या ध्यानात येत नाही.

मुलगी झाली म्हणून लखुजीरावांनी हत्तीवरून साखर वाटली असे आपल्याकडे सांगतात. ही लोकांच्या तोंडची गोष्ट आहे, कागदोपत्री पुरावा म्हणून मी ती सांगत नाही. पण लोकांना ती सांगाविशी वाटते यालाही अर्थ आहे. कारण त्याच आपल्या मुलखात मुलीवर मुलगी झाली की नकोशी, नकोसा अशी नावे ठेवण्याची रीत होती. आजीच्या धाकट्या बहिणीचे नाव नकोसाच होते आणि त्याच नावाने ती सरणावर गेली. ही फार जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावे देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली भरल्या, आणि जिजाऊंच्या बुलढाणा जिल्ह्याचा आकडा त्याहूनही खाली होता. दरवर्षी जयंतीला आपण सिंदखेडला लोटतो, आणि आकडा मात्र असा!

जिजा हे नाव तेव्हा काही थोर समजले जात नव्हते. तुकाराम महाराजांच्या दुसऱ्या पत्नीचे, जिला आपण आवली म्हणून ओळखतो, तिचेही नाव जिजाईच होते. सरदाराच्या वाड्यात आणि देहूच्या वाण्याच्या घरात चालणारे ते साधे नाव. आणखी एक गोष्ट मला नोंदवावीशी वाटते. झाशीची लक्ष्मीबाई माहेरची मणिकर्णिका. पहिली डॉक्टर आनंदीबाई माहेरची यमुना. लग्नात तांदळावर नवे नाव लिहिले गेले आणि जुने पुसले गेले. जिजाबाईंना मात्र आपण जन्मापासून मरणापर्यंत एकाच नावाने ओळखतो.

वेरूळच्या मालोजी भोसल्यांचा मुलगा शहाजी याच्याशी तिचे लग्न झाले. रंगपंचमीच्या दिवशी दोन्ही लेकरे रंग खेळत असता लखुजीरावांच्या तोंडून सहज जोडा चांगला दिसतो असे गेले आणि मालोजींनी तो शब्द पकडला, ही बखरीतली कथा सर्वांना ठाऊक आहे. ती गोड आहे. पण त्यानंतर जे घडले त्यात गोड काही नाही. निजामशाही दरबारासमोर खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरला, त्याला आवरण्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले. जिजाबाईंचा भाऊ दत्ताजी भोसल्यांच्या संभाजीच्या हातून पडला. हा संभाजी शहाजीराजांचा चुलतभाऊ. त्याला लखुजीरावांनी मारले आणि त्याच झटापटीत खुद्द शहाजीराजे जखमी झाले. सासर आणि माहेर यांच्यात धुसफूस कोणत्या बाईला ठाऊक नाही? पण इथे दोन्हीकडून तलवारी होत्या. भावाचे सुतक धरायचे आणि नवऱ्याच्या जखमा बांधायच्या. कोणाच्या बाजूने रडायचे हे ठरवण्याचीही सोय नव्हती. जिजाबाई सासरी राहिल्या.

२५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशहाने दरबारात बोलावून लखुजीरावांचा खून करवला. त्यांच्याबरोबर अचलोजी, राघोजी हे दोन मुलगे आणि यशवंतराव हा नातूही मारला गेला. एका दिवसात माहेर रिकामे झाले. तेव्हा जिजाबाई गरोदर होत्या. शहाजीराजे धामधुमीत गुंतलेले, म्हणून त्या जुन्नरजवळ शिवनेरी किल्ल्यावर राहिल्या आणि तेथे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी राजांचा जन्म झाला. गडावर शिवाई देवी आहे, तिच्यावरून मुलाचे नाव ठेवले असे परंपरा सांगते. महाराष्ट्रात सर्वात जास्त उच्चारले जाणारे पुरुषाचे नाव एका देवीवरून आलेले आहे! नावे ठेवण्याचा विचार चालला असताना मला ही गोष्ट फार आवडली, आणि मी ती वहिनीला आवर्जून सांगितली.

त्या वर्षांत दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. शहाजीराजांच्या जहागिरीतले पुणे १६३० साली आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने जाळले आणि तेथे गाढवाचा नांगर फिरवला. गाढवाचा नांगर फिरवलेल्या जागी कोणी वस्ती करू नये, असा त्याचा अर्थ. पुढे १६३६ साली निजामशाही बुडाली, शहाजीराजे आदिलशाहीत गेले आणि त्यांचे ठाणे बंगळूरकडे झाले. पुण्याची जहागीर पाहण्यास जिजाबाई मुलासह आल्या. मधली दोनेक वर्षे बंगळूरला गेली तेवढीच. बाकी आयुष्य सह्याद्रीच्या कुशीत गेले.

माझ्या मते जिजाबाईंचे स्वतःचे कर्तृत्व इथून सुरू होते, आणि नेमके हेच आपल्या शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकते. उजाड झालेले गाव वसवायचे म्हणजे काय असते हे शेतकऱ्याच्या मुलीला सांगायला नको. बैल नाहीत, बी नाही, विहिरी पडलेल्या, शेतात झुडपे माजलेली, लांडगे सुटलेले, आणि जमीन करायला माणूस यायला तयार नाही, कारण ती शापाची जमीन. दादाजी कोंडदेवांसारखा जाणता कारभारी हाताशी होता, सारा माफीची, कमी साऱ्याची सवलत दिली गेली; पण लोकांच्या मनातली भीती सवलतीने जात नाही. तेव्हा त्याच जमिनीवर बाल शिवाजीच्या हाताने सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरवला, असे परंपरा सांगते. कसबा गणपतीचे देऊळ बांधले. राहण्यास लालमहाल उठवला. मालकीण पोरासह स्वतःच या गावात राहते आहे हे दिसल्यावर माणसे परत येऊ लागली. दूर बंगळूरला, नवऱ्याच्या वैभवात राहण्याचा मार्ग त्यांना बंद नव्हता. तेथे शहाजीराजांचे दुसरे कुटुंब, तुकाबाई, होते. त्यांचा मुलगा व्यंकोजी. जिजाबाईंनी पुण्याचा उकिरडा पत्करला. त्यामागे मनात काय काय असेल याचा अंदाज बायकांना करता येईल. मी त्यावर अधिक लिहीत नाही.

मुलाला रामायण-महाभारताच्या गोष्टी सांगितल्या, हे तर आपण चौथीपासून वाचतो. मला वाटते त्यापेक्षा मोठी शाळा म्हणजे त्यांच्यासमोर चालणारे न्यायनिवाडे. वतनाचे तंटे, बांधाचे तंटे, पाटीलकीचे वाद घेऊन माणसे येत आणि जिजाबाई ते ऐकून निर्णय देत. शेजारी बसलेला मुलगा ते पाहत असे. रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नये हे पुढे त्याने सैन्याला बजावले. ते तो कुठे शिकला असेल?

दुःखे थांबली नाहीत, हे आजीचे म्हणणे अगदी खरे. १६४८ साली शहाजीराजांना जिंजीच्या मोहिमेत दगा करून कैद केले. सुटकेसाठी कोंढाणा द्यावा लागला. पुढे कनकगिरीच्या वेढ्यात थोरला मुलगा संभाजी मारला गेला. त्यात अफजलखानाचा हात होता असे मानले जाते. तोच अफजलखान १६५९ साली धाकट्या मुलावर चालून आला. त्याला भेटायला जाण्याची परवानगी देताना त्या आईच्या पोटात काय कालवले असेल! त्याच वर्षी सप्टेंबरात सून सईबाई वारली, नोव्हेंबरात प्रतापगडची भेट झाली. सईबाईंचा दोन वर्षांचा मुलगा आजीच्या मांडीवर आला. त्याचेही नाव संभाजी, गेलेल्या काकाचे. एक संभाजी गमावलेल्या बाईने साठी ओलांडल्यावर दुसरा संभाजी वाढवायला घेतला. १६६० मध्ये शाहिस्तेखान येऊन बसला तो नेमका त्याच लालमहालात.

जानेवारी १६६४ मध्ये कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे वारले. बातमी राजगडला आली तेव्हा जिजाबाई सती जाण्यास निघाल्या. शिवाजीराजांनी त्यांना विनवून मागे फिरवले. चरित्रात ही गोष्ट बहुधा मुलाच्या मातृप्रेमाचे उदाहरण म्हणून सांगतात. मी ती दुसऱ्या बाजूने वाचली. त्या काळात सती न जाणे हा राजघराण्यातल्या बाईला कमीपणा वाटत असे. सर्वांसमोर निघालेली बाई पुन्हा माघारी वळते, पांढऱ्या कपाळाने दरबारात येऊन बसते आणि कामाला लागते, यालाही धैर्य लागते. विधवा बाईला आजही आमच्या गावात ओटी भरताना मागे बसवतात. हे लक्षात घेतले म्हणजे त्या वळण्याचे मोल कळते.

त्यांनी वळण्याचे किती महत्त्व होते ते दोनच वर्षांत दिसले. १६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. हातात फक्त बारा उरले. ५ मार्च १६६६ रोजी राजे राजगडावरून आग्र्यास निघाले, आणि बरोबर नऊ वर्षांच्या संभाजीलाही नेले. मुलगा आणि नातू दोघेही औरंगजेबाच्या दारी. मागे राज्याची सूत्रे जिजाबाईंच्या हाती होती. वय अडुसष्ट. मोरोपंत पिंगळे, निळोपंत असे कारभारी हाताशी होते, पण शेवटचा शब्द त्यांचा. मे महिन्यात दरबारातल्या अपमानाची आणि नजरकैदेची खबर आली असेल. त्यानंतर पावसाळाभर वाट पाहणे. या काळात एकही किल्ला फितूर झाला नाही, वसूल थांबला नाही, कोणी सरदार उठला नाही. १७ ऑगस्टला राजे आग्र्याहून निसटले आणि वेषांतर करून राजगडाला पोहोचले तेव्हा त्यांना आपले राज्य जसेच्या तसे मिळाले. आग्र्याहून सुटकेचे पेटारे प्रत्येक पोराला ठाऊक आहेत. पण सुटून परत येण्यासारखे काही शिल्लक होते ते म्हाताऱ्या आईने राखले म्हणून. हा भाग मी आजीला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा तिने हातातले गहू निवडणे थांबवले.

पुढे १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला. तो परत यावा ही जिजाबाईंचीच इच्छा होती असे सांगतात. नवऱ्याच्या सुटकेसाठी जो किल्ला एकदा द्यावा लागला होता तोच हा, हे आठवले म्हणजे त्या इच्छेत मला हट्ट वाटत नाही.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. गडाचा गार वारा सोसत नाही म्हणून पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधलेला होता. वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांनी मुलगा छत्रपती झालेला पाहिला आणि अकराच दिवसांनी, १७ जूनला, पाचाडलाच देह ठेवला. समाधी तेथेच आहे.

नाव मात्र थांबले नाही. कोल्हापूरच्या गादीवर पतीच्या मागे १७६० पासून १७७३ पर्यंत जिने राज्य सांभाळले तिचे नावही जिजाबाईच. म्हणजे नाव जुने आहे म्हणून टाकायचे तर ते पुन्हा पुन्हा वापरात आलेलेही आहे. वहिनीच्या हरकतीवर माझ्याजवळ एवढेच उत्तर होते. चिडवण्याचे म्हणाल तर मुली साक्षीलाही चिडवतातच.

आजीला उत्तर देणे अवघड होते. भोग नाकारता येत नाहीत. मी तिला इतकेच म्हटले की ज्या दुःखांची यादी ती करते ती सारी दरबारांनी आणि लढायांनी दिलेली. त्या काळातल्या हजारो बायकांनी, ज्यांची नावे गंगा होती, सगुणा होती, ती भोगलीच. पुणे वसवले, निवाडे केले, चितेकडून परत फिरल्या, राज्य राखले, ही दुसरी यादी मात्र एकट्या जिजाबाईंची आहे. आणि नकोसाचे काय झाले, हे मी विचारले. आजी त्यावर बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली की नकोसाला तिच्या नवऱ्याने लग्नात दुसरे नाव दिले होते, पण तिला स्वतःला ते आवडत नसे.

बारशाला शेजारणी आल्या, घुगऱ्या वाटल्या, पाळणा म्हटला. आमच्याकडे म्हणतात तो पाळणा शिवबाचा. त्यात जिजाऊ पाळण्याची दोरी धरून असते. त्या दिवशी मला ते गमतीचे वाटले, कारण दोरी वहिनीच्या हाती होती आणि जिजा पाळण्यात. वहिनीने मधला मार्ग म्हणून रोजच्या हाकेसाठी एक सोपे दोन अक्षरी नाव शोधून ठेवले आहे, ते चालते की नाही पाहायचे.

जन्मनोंदीत नावाचा रकाना रिकामा ठेवलेला होता. बारशानंतर भाऊ ग्रामपंचायतीत जाऊन तो भरून आला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असे लिहिण्याचा शासनाचा निर्णय आहे. त्याप्रमाणे जिजा हे नाव आधी आले आणि त्याला लागून वहिनीचे. कागद घरी आल्यावर वहिनीने तो दोनदा वाचला आणि देवघराच्या फळीवर ठेवला. आजी तिला जिजी म्हणते.